लांब्याला संघात घ्यावं का?

२ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर मी नुसती हं हं करते आणि मागे चेंडू आपटत असतात, ही तक्रार तुझीच. शिवाय हे काम फोनवर सांगण्यासारखं नाही. आमच्या जिमच्या भिंतींना कान आहेत, आणि व्यवस्थापकांची खोली तर भिंतीला लागूनच आहे.

बास्केटबॉलचा मोसम तोंडावर आलाय आणि संघाला मोठं भगदाड पडलंय. आमचा सगळ्यात उंच खेळाडू उन्हाळ्यात परदेशी क्लबकडे गेला. लांबून नेम धरणारे माझ्याकडे हवे तेवढे आहेत, पण नेम हुकून चेंडू रिंगवरून उडाला की तो धरणारा कोणी नाही. तिथे एकटा आमचा कॅप्टन लढतो. त्याला सगळे खांब म्हणतात. पण खांब नावाचाच, कुठल्याही दारातून न वाकता जातो. पाठीवर दोन-दोन आडदांड घेऊन उड्या मारतो बिचारा.

व्यवस्थापकांनी आणखी एकाशी करार करायला होकार दिलाय. महिनाअखेर नाव द्यायचं आहे. माझ्यापुढे दोघं आहेत. एक कोवळा पोरगा, टूथपेस्टच्या जाहिरातीत झळकलेला. दुसरा, ज्याला सगळे लांब्या म्हणतात, चौतिशीचा, अंगापिंडाने दांडगा, उंची अशी की छताचा पंखा बंद करून त्याला बसवावं. सध्या कुठल्याच क्लबशी बांधलेला नाही, मोकळा आहे. मागच्या वर्षी ऐन मोसमात एक शब्द न बोलता क्लब सोडून गेला, म्हणून त्याला पळपुटा म्हणतात. गुडघ्याबद्दलही कुजबुज आहे. हा गृहस्थ तुझ्याच गावात राहतो आणि जलतरण तलावामागच्या कोर्टावर रोज संध्याकाळी एकटा खेळतो.

तू जाऊन बघशील का? मी आले तर दुसऱ्या क्लबांना वास लागेल. तुझ्यावर कोण संशय घेणार? जन्मभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केलेली बाई कोर्टावर हवा खायला आली, एवढंच.

तो आला तर खांबाला बाकावर बसावं लागेल. मला प्रशिक्षक केलं तेव्हा पुरुषांच्या संघाला बाई कशाला, असं सगळे पुटपुटत होते. तेव्हा खांबच माझ्या बाजूने उभा राहिला होता, त्यामुळे जीव खालीवर होतो. आणि पहिल्या चारांत आलो नाही तर पुढच्या वर्षी मी कुठे असेन, हे तुला सांगायला नको.

गोळ्या वेळेवर घे. माझ्यावरचा लोभ या कामापुरता तरी वाढव.

तुझी,
चिमणी


७ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. पुन्हा पुन्हा वाचलं, कारण तुझं अक्षर अजून चिमणीच्या पायांचंच आहे. मोकळा खेळाडू म्हणजे ज्याला कोणी ठेवून घेतलं नाही तोच ना? तर अशा मोकळ्या माणसाला बघायला ही मोकळी बाई घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन गेली. तुझे बाबा गेल्यापासून माझ्या संध्याकाळी संपता संपत नाहीत, तेव्हा उपकार वगैरे समजू नकोस.

कोर्टापाशी पोचले आणि एवढ्या जोरात शिट्टी वाजली की थर्मास हातातून सुटला. बाकावर एक म्हातारे गृहस्थ, पुढ्यात चालायचा वॉकर, गळ्यात शिट्टी. मला म्हणाले की बाई, तुमची खुर्ची रेषेच्या आत आहे. मी म्हटलं की सामना कुठे चाललाय. ते म्हणाले की रेषा ही रेषा असते, सामना असो वा नसो. मी खुर्ची वीतभर मागे घेतली, त्यांनी आणखी बोटभर घ्यायला लावली. मग मी माझ्या स्टेशनच्या आवाजात त्यांना ऐकवलं की प्रवाशांनी कृपया आपल्या शिट्ट्या आपल्याजवळ सांभाळाव्यात. कोर्टापलीकडे बाग झाडणारा माणूससुद्धा वळून बघायला लागला. त्यावर गृहस्थ हसले, आणि म्हणाले की हा आवाज ऐकून मी आयुष्यभर गाड्या पकडल्यात.

ते पूर्वी बास्केटबॉलचे पंच होते. शेजारून सायकल चुकीच्या बाजूने गेली तरी शिट्टी मारतात. आइस्क्रीमवाला रांग मोडू देतो म्हणून त्यालाही मारली. आइस्क्रीमवाल्याला सवय झालेली दिसली. तो हात वर करून कबूल करतो आणि पुढच्याला देतो.

तुझा लांब्या फार उंच आहे. कोर्टाच्या फाटकातून येताना वाकतो. चेंडू ओला होता तो आधी शर्टाने पुसला. मला बघून मान लववली. पुष्कळदा चेंडू टाकला, पुष्कळदा आत गेला. मी मोजलं नाही, कारण तेव्हा शिट्टीवाल्यांशी रेषेबद्दलचा वाद मिटायचा होता.

तू नीट जेव. चेंडूमागे धावणाऱ्यांमागे धावून तुझा चेहरा बोटभर झालाय.

तुझ्यावरचा लोभ कमी करायचं मला अजून जमलेलं नाही.

तुझी,
आई


११ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न.

तुला मी खेळाडू बघायला पाठवलं होतं की शिट्टी? खेळाडूवर चार ओळी, त्यातली एक शर्टाची. आणि शिट्टीवाल्यांवर पानभर! तुझं पत्र मी चुकून खांबासमोर उघडलं आणि हसू आवरेना. काय झालं विचारलं त्याने. मी थाप मारली की आईने शेजाऱ्यांशी भांडण काढलंय. थाप कसली म्हणा, खरंच तर आहे.

आता नीट ऐक. पायऱ्या उतरताना त्याचा गुडघा बघ. इतर लोक खेळायला आले तर त्यांच्यात कसा खेळतो ते बघ. त्याचा चेंडू हुकला की तो काय करतो? दुसऱ्याचा हुकला की काय करतो? हे दुसरं जास्त महत्त्वाचं. आणि तो पळून का आला, याचा काही सुगावा लागला तर सोन्याहून पिवळं.

इकडे जाहिरातवाला चाचणीला येऊन गेला. उडी अशी की बघत राहावं. पण प्रत्येक उडीनंतर काचेच्या दारात स्वतःला बघून घेतो. एकदा तो बघत असताना चेंडू त्याच्या पाठीमागून निघून गेला. व्यवस्थापक मात्र खूश. त्याच्या नुसत्या नावावर तिकिटं खपतील म्हणतात. मी म्हटलं की दोन वर्षांनी तो खरंच चांगला होईल. पण माझं कंत्राट एकाच वर्षाचं आहे, हे मनातच ठेवलं.

खुर्ची रेषेबाहेर ठेव आणि लोभ आत असू दे.

तुझी,
चिमणी


१६ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

या खेपेला सगळं बघितलं. गाडी येताना लांबूनच कुठल्या फलाटावर लागणार ते ओळखायची माझी नजर अजून गेलेली नाही.

सुरुवातीला तो पायऱ्या आडव्या पायाने उतरतो, बाळंतीण उतरते तसा. अंग तापलं की मग गुडघ्याची आठवण त्यालाही राहत नाही. मंगळवारी बेकरीतले कामगार आणि त्यांच्याबरोबर एक दातांचे डॉक्टर खेळायला आले. लांब्या त्यांच्यात मिसळला. स्वतः फारसा नेम धरत नाही. दुसऱ्याचा हुकला की हा उडी मारायच्या आधीच जिथे चेंडू पडणार तिथे जाऊन उभा असतो. बाकीचे उड्या मारून दमतात, हा हात वर करून फळ तोडावं तसा चेंडू काढून घेतो. आणखी एक गंमत. डॉक्टरांना कोणी गाठायला लागलं की हा मध्ये भिंतीसारखा उभा राहतो, नुसता उभा, आणि डॉक्टर निवांत नेम धरतात. त्याला तुमच्यात काहीतरी नाव असेल. डॉक्टरांनी इतके गुण केले की त्यांना वाटायला लागलं आपण धंदा चुकलो.

हुकला की तो स्वतःवर चिडत नाही, दुसऱ्यावर तर नाहीच. मात्र बाकावरून शिट्टी झाली की थांबतो, चेंडू खाली ठेवतो आणि हात वर करतो. बेकरीवाले हसले तरी करतो. मी शिट्टीवाल्यांना विचारलं की हा एवढा मोठा माणूस तुमचं इतकं का ऐकतो. ते म्हणाले की माझा मुलगाच आहे, लहानपणापासून त्याचे फाउल मीच धरत आलोय. बघ! आठवडाभर मी बापाशेजारी बसून मुलाची हेरगिरी करत होते.

मग मी आडपडदा ठेवला नाही. पळून का आला, सरळ विचारलं. ते बराच वेळ वॉकरच्या मुठीवर अंगठा फिरवत बसले. मग सांगितलं. मागच्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले. घरात दुसरं कोणी नाही. दुपारपासून सकाळपर्यंत तसेच पडून होते. मुलाला कळलं तसा तो होता त्या कपड्यांत निघाला. यांनीच त्याला बजावलं की क्लबला कारण सांगायचं नाही, मैदानावर सबबी चालत नाहीत. मुलाने बापाचा शब्द मानला आणि पळपुटा हे नाव पदरात घेतलं.

मी फार रागावले गं. मी त्यांना सांगितलं की माझ्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले. गाडीला उशीर झाला तर लोक माफ करतात. उशीर का झाला ते सांगितलं नाही तर करत नाहीत. तुम्ही मुलाला उशिराची घोषणाच करू दिली नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा बाकावरची अर्धी जागा त्यांनी रुमालाने पुसून ठेवली होती. आता मी घडीची खुर्ची नेत नाही.

माझं मत विचारशील तर अजून दोन-चारदा बघावं लागेल. घाईने निकाल देऊ नये.

तुझी,
आई

लोभाचं मेलं लिहायचं राहिलंच. तो आहेच.


२० ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न.

तू भिंत म्हणालीस ना, तिला आम्ही स्क्रीन म्हणतो. आणि ती नीट करणारा माणूस मिळावा म्हणून प्रशिक्षक नवस बोलतात. चेंडू कुठे पडणार ते आधी ओळखणं तर शिकवताच येत नाही. तुझं पत्र वाचल्यापासून मी कागदावर गोल आणि बाण काढत बसलेय.

पळून येण्याचं कारण वाचलं. त्याच्याबद्दल तोंड वाकडं करणाऱ्यांत मीही होते. पण मला त्याचं हे कारण व्यवस्थापकांना सांगता येईल का? त्याच्या वडिलांनी गुपित तुझ्यापाशी सांगितलं, क्लबपाशी नाही. तू विचारून कळव. त्यांची ना असेल तर मी तोंड शिवून ठेवते.

खांबाशी बोलले. आडून आडून सुरुवात केली, पण तो म्हणाला की बाई, तुम्हाला आडून बोलता येत नाही, लांब्याचं काय ते सांगा. जिमच्या भिंतींचे कान शेवटी त्याचेच निघाले. तो चिडला नाही, पण बुटाची नाडी फार वेळ बांधत राहिला. मग म्हणाला की आधी बोलवा, माझ्यासमोर उभा करा, मग बघू.

राहायची अडचण नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या जागेऐवजी तळमजल्यावरची बघितलीय, वडिलांचा वॉकर आत जाईल अशी. जिमही पलीकडच्या रस्त्यावर आहे. वडील इथे येऊन रोज सराव बघू शकतील. आमच्या पोरांना शिस्त लागेल.

आता तू अजून दोन-चारदा बघायचं म्हणतेस. कोणाला बघायचंय, आई? मुलाला की बाकाला? थट्टा करतेय. पण दिवस थोडे उरलेत. घेऊ की नको, एका शब्दात सांग. मी तुझं ऐकेन.

लोभ दोन ओळींच्या मध्ये नको, ठळक असू दे.

तुझी,
चिमणी


२३ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

घे.

तू एका शब्दात मागितलंस, दिलं. तरी कारणं लिहिते. गुडघा पूर्ण बरा नाही, सलग दोन दिवस खेळला की तिसऱ्या दिवशी पाय ओढतो, तेव्हा रोज पिळून काढू नकोस. धावण्यात तुझी पोरं त्याला मागे टाकतील. पण तो आला की इतर चौघं आहेत त्यापेक्षा बरे खेळतात. बेकरीवाल्यांचं आणि डॉक्टरांचं मी डोळ्यांनी बघितलं. असा माणूस संघाला मिळत असेल तर सोडू नये.

गुपिताचंही झालं. मी विचारायच्या आधीच शिट्टीवाल्यांनी काल जुन्या क्लबला स्वतः फोन लावला आणि सगळं सांगितलं. बोलताना उभे होते, वॉकर धरून. पलीकडच्या माणसाने म्हणे मुलाचा नंबर मागितला. तेव्हा आता कोणालाही सांग.

तुला खोटं सांगून मला झोप लागत नाही म्हणून लिहिते. परवा मी तुला दुसरंच पत्र लिहिलं होतं. त्यात घेऊ नकोस असं होतं आणि गुडघ्याचं चांगलं रंगवून लिहिलं होतं. पाकिटावर तिकीटसुद्धा चिकटवलं. मग पेटीपाशी जाऊन परत आले आणि फाडून टाकलं. का, ते विचारू नकोस. तळमजल्यावरची जागा चांगली आहे, असं तू लिहिलंस. हवेशीर असेल तर उत्तम. त्यांना थंडी बाधते, खिडकी पूर्वेची हवी.

इथे आता गार वारे सुटलेत. संध्याकाळी बाहेर बसायचे दिवस तसेही संपलेच.

लोभ ठळक लिहिते आहे. वाचता येतो ना?

तुझी,
आई


२७ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न.

तुझं पत्र कालपासून खिशातच आहे. त्यावर मागून बोलते, आधी बातमी.

लांब्या शनिवारी आला. बसच्या सीटमध्ये घडी होऊन आला होता, उलगडायला जरा वेळ लागला. खांबाने त्याला दारातच गाठलं आणि सरळ कोर्टावर नेलं. एकमेकांविरुद्ध तासभर खेळले. आई, खांबाने त्याला सोडलं नाही. कोपरं, खांदे, सगळं. लांब्याने एकदाही तक्रार केली नाही; उलट एका चेंडूवर खुद्द माझा निर्णय चुकला तेव्हा स्वतः हात वर करून फाउल आपला म्हणाला. मग मी दोघांना एकाच बाजूला घातलं. लांब्या भिंत झाला, खांब मोकळा सुटला, आणि आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर खांब टॉवेल डोक्यावर घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला की इतकी वर्षं मी पाठीवर दोघांना घेऊन खेळलो, आज पहिल्यांदा कोणीतरी त्यातला एक उतरवून घेतला. जागेसाठी मी भांडेन, हरलो तर बाकावर बसेन. पण सांगताना तुम्ही सुतकी चेहरा करायचा नाही, एवढीच अट. मी कबूल केलं आणि खोलीत जाऊन दोन मिनिटं डोळे पुसले.

व्यवस्थापकांनाही पटवलं. जाहिरातवाल्याला पुढच्या वर्षी घेऊ म्हटलं. कराराचे कागद टेबलावर आले, पेन हातात दिलं, आणि लांब्याने ते खाली ठेवलं! वडील गाव सोडायला तयार नाहीत, म्हणाला. आणि त्यांना पुन्हा एकटं ठेवून तो येणार नाही. चूक एकदा झाली, दुसऱ्यांदा नाही. व्यवस्थापकांनी त्याला महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय, आणि तो कागद घेऊन गावी परतलाय.

आता तुझ्या पत्राचं. का ते विचारू नकोस म्हणालीस म्हणून विचारत नाही. पण 'घे' हा शब्द लिहिताना तू काय सोडायला निघाली होतीस ते मला कळलं. मी इथे बसून तळमजल्याचं कौतुक करत होते! तुझी मुलगी मैदानावरचं सगळं बघते आणि घरातलं तिला पत्राने कळवावं लागतं.

तू सांगशील तसं. लांब्या मिळाला नाही तरी चालेल. नाही, चालेल कसं? पण चालवून घेईन.

लोभ आज माझ्याकडून जास्त.

तुझी,
चिमणी


३० ऑक्टोबर

प्रशिक्षक बाईंना,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण आपल्या मातोश्रींमुळे आपण लहानपणी काय काय फोडलंत इथपर्यंत मला माहिती आहे. मी लांब्याचा बाप. पत्र लिहायची सवय नाही. मी नोकरीत कारकून होतो आणि मैदानावर पंच, दोन्हीकडे मोजकंच लिहावं लागे.

मुलगा करारावर सही करून आजच्या बसने निघत आहे. मी मात्र येणार नाही. तळमजल्याबद्दल आभार. मी न येण्याचं कारण मुलाला वाटत होतं तसं हट्टाचं नव्हतं, पण मला ते त्याच्यासमोर बोलता येईना. तेव्हा आपल्या मातोश्रींसमोर बोललो. त्या आधी म्हणाल्या की गाडी सुटायची वेळ झाल्यावर कसली घोषणा करता. मग हसल्या. मग पुष्कळ रागावल्या. आणि शेवटी रुमाल मागितला.

व्यवस्था अशी ठरली. सकाळी एक नर्सबाई येतील. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले आहेत, दातांच्या डॉक्टरांनी स्वतः ड्रिल मशीन चालवलं, आता त्यांना वाटतं तोही धंदा जमला असता. दुपारपासून आपल्या मातोश्री असतील. माझ्याशी वाद घालायला दिवसातून तेवढा वेळ पुरणार नाही असं मी त्यांच्या निदर्शनास आणलं आहे. उरलेल्या वेळाचं, म्हणजे एकंदर उरलेल्या आयुष्याचंच, मी त्यांना विचारलं. त्यांनी हो म्हटलेलं नाही. चिमणीला विचारा, म्हणाल्या. म्हणून हे पत्र.

आपली हरकत असल्यास स्पष्ट कळवावी. माझ्याविरुद्ध दिलेल्या निर्णयावर मी वाद घालणार नाही. मुलाच्या बाबतीत दयामाया नको. डाव्या बाजूने वळताना तो पाय घसरवतो, ते नियमात बसत नाही, तिथे लक्ष ठेवावं.

लोभाचं नातं अजून ठरायचं असल्याने, आदर असावा.

आपला,
लांब्याचा बाप


३ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न.

त्यांना मी वेगळं लिहीत नाही, तूच वाचून दाखव, स्टेशनच्या आवाजात.

हरकत नाही.

हरकत असलीच तर एवढीच की ज्या बाईला मी हेर म्हणून पाठवलं तिने परस्पर स्वतःचाच करार ठरवला. आणि डाव्या बाजूचं त्यांचं खरं आहे. पहिल्याच सरावात पकडलं.

लांब्या पोचला. पलंग लहान पडतो म्हणून खांबाने पायाशी बाक जोडून दिला. दोघं मिळून जेवतात, आणि काल मी दोघांनाही वजनावरून बोलले.

लोभ आता दोघांत वाटून घ्या.

तुझी,
चिमणी


१६ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. सामन्यानंतर तुझ्याभोवती इतकी गर्दी होती की तुझ्याशी धड बोलताच आलं नाही. बाकावर उभी राहून हातवारे करणारी ती ठेंगणी बाई माझी मुलगी आहे, हे मी पुढच्या-मागच्या रांगेतल्या सगळ्यांना सांगितलं. तू खाली बघत होतीस. वर काय चाललं होतं ते आता ऐक.

शेवटच्या टप्प्यात लांब्याचा पाचवा फाउल झाला आणि त्याला बाहेर जावं लागलं, तेव्हा सगळं सभागृह पंचावर ओरडत होतं. चौथी जागा हातची जाणार म्हणून मीसुद्धा नको ते बोलले. तेवढ्यात हे कठडा धरून उभे राहिले आणि सांगायला लागले की फाउल बरोबर आहे, हात लागला, मी पाहिलं. पुढच्या रांगेतल्या जाड्या माणसाने विचारलं की तुम्ही नेमके कोणाकडून. हे म्हणाले की तो माझा मुलगा आहे आणि फाउल बरोबर आहे. जाड्या मला म्हणाला की बाई, तुम्ही यांच्याबरोबर आहात का. मी म्हटलं नाही, मी गाडीची वाट बघतेय.

आणि मग खांब उतरला. तुझा चेहरा मी बघितला, सुतकी नव्हता. सगळे म्हणत होते की संपलं. लांब्या बाकावर बसेना, रेषेबाहेर उभा राहून ओरडत होता. एवढा आवाज त्याच्यात आहे हे बापालाही माहीत नव्हतं. आपला शेवटचा नेम हुकला, चेंडू उडाला, आणि त्यांच्या दोन दांडग्यांच्या मधून खांबाने तो खेचून काढला आणि परत टाकला. आत गेला की नाही ते मला दिसलंच नाही, कारण यांनी माझ्या खांद्यात तोंड लपवलं होतं आणि मी यांच्या टोपीत. जाड्याने मला मिठी मारली तेव्हा कळलं.

उपान्त्य सामन्याला आम्ही येऊ शकत नाही. यांचा पाय प्रवासाने सुजलाय. बरा आहे, काळजी नको. सामन्यांचा धुरळा बसला की एप्रिलच्या शेवटी नोंदणी कार्यालयात जायचं ठरवलंय. साक्षीदार म्हणून तू आणि लांब्या. त्याला म्हणावं, दार बुटकं आहे.

हे बाजूला बसून विचारतायत की पत्र किती लांबणार. लांबेल तेवढं लांबेल. आम्हा दोघांचा लोभ.

तुझी,
आई


२ एप्रिल

ती. आई आणि...

इथेच तासभर अडलेय. मायना काय लिहू? ती. पंचसाहेब लिहिलं तर वाटतं आता मला पाचवा फाउल मिळणार. बाबा हा शब्द एकाच माणसाचा होता, तो त्यांच्यापाशीच राहू देते. रागावणार नाही ना? म्हणून काका लिहिते.

ती. आई आणि ती. काका यांना,
सा. न.

उपान्त्य सामना हरलो, ते तुम्ही वाचलंच असेल. चांगले हरलो. म्हणजे ते चांगले होते. पोरं जरा वेळ तोंड पाडून बसली, मग कोणीतरी खांबाच्या मोज्याला भोक पडलेलं बघून हसलं आणि सगळ्यांनाच हसू फुटलं.

व्यवस्थापकांनी काल बोलावलं. माझं कंत्राट वाढलं, या खेपेला दोन वर्षांसाठी. मी शांतपणे आभार मानले, शांतपणे जिना उतरले आणि जिममध्ये येऊन एकटीने किंचाळले. एकटी नव्हते, खांब वजनं उचलत होता. त्याने वजन खाली ठेवून आधी दार लावलं आणि मग माझ्याबरोबर किंचाळला.

लांब्यालाही आणखी एक वर्ष हवंय. म्हणजे सगळी उस्तवार पुन्हा आली: गुडघा एका वर्षाने जुना, जाहिरातवाला एका वर्षाने शहाणा, आणि निर्णय माझ्याकडेच. काल त्याला समोर बसवून सांगितलं की घरात तू माझा भाऊ असशील, मोठा म्हणून दादासुद्धा म्हणेन. पण कोर्टावर मी नातं ओळखत नाही. त्याने मान डोलावली. गुडघ्याचं खरं खरं सांगितलं, कुठे दुखतो, किती दुखतो. मी त्याला घेतलं.

आज सकाळी लांब्यासाहेब सरावाला उशिरा आले. कारण विचारलं तर म्हणाले की ताई, तुमच्या आईच्या नि माझ्या बाबांच्या लग्नासाठी सूट शिवायला टाकलाय, शिंप्याला माप घ्यायला स्टूल लागलं आणि ते मोडलं. सगळा संघ लोळला हसून. कारण खरं होतं, मला पटलंही.

तरी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. बहिणीला उशीर चालत नाही.

तुमची दोघांची,
चिमणी